चाळीस हजारांची मर्यादा आणि गेमिंगचा कॉम्प्युटर



मुलाने किंवा मुलीने ‘गेमिंगचा कॉम्प्युटर हवा’ म्हटले की आपल्या घरांत दोनच उत्तरे तयार असतात. एक, ‘अजिबात नाही, आपल्यात असले खेळ चालत नाहीत’. दुसरे उत्तर सहा महिन्यांच्या कटकटीनंतर येते. तेव्हा ऐंशी हजारांचा लॅपटॉप हप्त्यांवर घरी आलेला असतो आणि आजी म्हणत असते, ‘जाऊ दे, एकुलता एक आहे.’ पहिले उत्तर देणाऱ्या घरातले मूल रात्री पांघरुणात मोबाइलवर तेच खेळ खेळते, हे आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे. दुसऱ्या घरात हप्ता संपायच्या आत नवे मॉडेल येते आणि मागणी पुन्हा सुरू होते.

मला तिसरे उत्तर मांडायचे आहे. रकमेची मर्यादा आधी ठरवावी, कॉम्प्युटर मुलांनी स्वतः सुटे भाग आणून जोडावा आणि तो हॉलमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवावा. आमच्याकडे २०२५ च्या मे महिन्यात, सुट्टीत, माझ्या मुलाने आणि पुतणीने मिळून तो असा जोडला. त्यांच्या मागे मागे करताना माझ्या एक लक्षात आले. आपण श्रावकाची जी व्रते लहानपणापासून पाठ म्हणतो, ती घेऊन बाजारात गेलो तर कॉम्प्युटर स्वस्त पडतो. हे ऐकायला चमत्कारिक वाटेल, म्हणून हिशेबासकट सांगते.

सुरुवात परिग्रहपरिमाणापासून. मुनींचा अपरिग्रह वेगळा आणि आपला वेगळा. आपल्याला सोडायला सांगितलेले नाही, मोजायला सांगितले आहे. या व्रताचे दुसरे नाव इच्छापरिमाण आहे, आणि मला तेच जास्त आवडते, कारण मोजायची ती इच्छा, सामान नंतर. ही मोजणी बाजारात जाण्यापूर्वी करायची असते. दुकानात उभे राहून ठरवलेल्या आकड्याला मर्यादा म्हणत नाहीत, त्याला घासाघीस म्हणतात.

आमचा आकडा चाळीस हजार होता, मॉनिटर आणि कीबोर्ड-माउस धरून. त्या वेळच्या भावांनी तो असा बसला. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, अकरा-बारा हजारांच्या घरात. बोर्ड सात हजारांच्या आसपास. सोळा जीबी रॅम साडेतीन हजारांपर्यंत, पाचशे जीबीची एसएसडी तीन हजारांच्या आगेमागे. एसएमपीएस तीन हजार, कॅबिनेट अडीच हजार, बावीस इंची मॉनिटर सात-आठ हजार, आणि उरलेल्यात कीबोर्ड-माउस. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतलेच नाही, कारण या प्रोसेसरच्या पोटातच ग्राफिक्स असते. नावातला ‘जी’ त्यासाठीच आहे. ज्या भागावर गेमिंग कॉम्प्युटरचा निम्मा खर्च होतो, तो भाग यादीतून वगळला. बोर्डावर त्याची जागा मात्र रिकामी राहते. पुढे कधी घ्यावेसे वाटले तर घेता येते.

‘पण मग गेम चालतील का?’ हा प्रश्न दुकानदार विचारतो, मुलांचे मित्र विचारतात, यूट्यूबवरचा तो घसा ताणून बोलणारा मुलगाही विचारतो. माझे उत्तर असे की कोणते गेम, ते आधी ठरू दे. इथेच आपला धर्म मध्ये येतो, आणि यावर आपल्यात मोकळेपणाने बोलले जात नाही.

यशोधर राजाची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. सोमदेवसूरींनी ९५९ साली ‘यशस्तिलक’ लिहिले ते त्याच कथेवर, आणि पुष्पदंतांचे ‘जसहरचरिउ’ही तिच्यावरच. राजा आईला अशुभ स्वप्न पडल्याचे सांगतो. आई चंद्रमती म्हणते, देवीला बळी दे. राजा नकार देतो. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून तो कापला जातो. रक्त नाही, प्राण नाही, नुसती कणीक. तरी आई आणि मुलगा दोघेही त्यानंतर अनेक भव पशुयोनीत भटकतात. हजार वर्षांपूर्वी आपल्या आचार्यांनी विचारलेला प्रश्न हाच होता: समोर जीव नसेल, पण मारण्याचा संकल्प खरा असेल, तर ती हिंसा की नाही?

पडद्यावर गोळी घालून माणूस पाडणाऱ्या खेळाला मी म्हणूनच ‘खोटं आहे गं, नुसता खेळ आहे’ म्हणून सोडून देत नाही. पब्जीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय आला, तेव्हा त्यातले रक्त हिरवे करून टाकले होते. व्हॅलोरंटमध्ये रक्त दाखवू नये अशी सोय सेटिंगमध्येच आहे. अनेक आयांनी ती सोय लावून समाधान मानले. मला ते पिठाच्या कोंबड्यासारखे वाटते. रंग बदलला, संकल्प तोच राहिला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. खेळणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मनात क्रूरता असते असे मी म्हणणार नाही. माझ्या पुतणीला विचारले तर ती म्हणते, ‘काकू, मी माणूस मारत नाही, मी नेम धरते.’ तिचे म्हणणे मी उडवून लावत नाही. बुद्धिबळातही आपण प्यादे ‘मारतो’च की! त्यामुळे आमच्या घरात भांडण ‘हिंसा आहे की नाही’ यावर थांबले नाही. आम्ही अनर्थदंडाचा विचार केला. ज्या हिंसेशिवाय घर चालत नाही ती वेगळी. ज्या हिंसेची काही गरजच नाही, तिच्यापासून दूर राहण्याचे वेगळे व्रत श्रावकाला दिले आहे. पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती, प्रमादचर्या असे त्याचे पाच प्रकार. यातले अपध्यान म्हणजे दुसऱ्याच्या वध-बंधनाचे चिंतन. तीन तास ‘तो कोपऱ्यातला कसा टिपू’ हे चिंतन अपध्यानात बसते की नाही, याचा निवाडा मी मुलांवरच सोपवला. दोघांनी एक दिवस घेतला आणि माणसे मारण्याचे खेळ यादीतून काढले. पुतणीने जरा कुरकुर करून.

मग यादीत राहिले काय? बरेच काही राहिले. युरो ट्रक सिम्युलेटर २ हा २०१२ चा खेळ अजून जोरात चालतो. मालवाहू ट्रक घेऊन एका शहरातून दुसऱ्या शहरात माल पोहोचवायचा, कर्ज काढून स्वतःचा ट्रक घ्यायचा, गॅरेज बांधायचे, ड्रायव्हर नेमायचे आणि महिन्याचा जमाखर्च बघायचा. आमच्या सासरेबुवांना हा खेळ इतका आवडला की ते मागे खुर्ची टाकून ‘रिकामा ट्रक परत आणू नकोस’ असा सल्ला देत बसतात. सिटीज स्कायलाइन्समध्ये शहर वसवायचे, पाणी आणि सांडपाणी यांची सोय लावायची. माइनक्राफ्टमध्ये ‘पीसफुल’ नावाचा प्रकार आहे. त्यात राक्षस येत नाहीत आणि भूकही लागत नाही, म्हणजे कोंबडी किंवा गाय मारण्याची वेळच येत नाही. बांधकाम मात्र हवे तेवढे करा. (खेळातल्या माणसाला कायमचा उपवास! आपल्याला तो जमत नाही.) सुपरटक्सकार्ट ही गाड्यांची शर्यत तर फुकट आहे. बुद्धिबळ आहेच.

आता हिशेबाकडे परत या. हे सगळे खेळ पोटातल्या ग्राफिक्सवर चालतात. चित्र थोडे साधे ठेवावे लागते, सिटीज स्कायलाइन्समध्ये शहर फार वाढले की कॉम्प्युटर धापा टाकतो, पण खेळता येते. तीस-चाळीस हजारांचे कार्ड कशासाठी लागते? बहुतेक वेळा ज्या मोठ्या, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळांत जखमा, धूर, फुटलेली शरीरे हुबेहूब दाखवायची असतात, त्यांच्यासाठी. हा काही नियम नाही. विमान उडवण्याचा एखादा निरुपद्रवी खेळही जबर कार्ड मागतो, आणि व्हॅलोरंटसारखा गोळीबार साध्या यंत्रावर सहज चालतो. तरी आमच्या घरापुरते सांगायचे तर, व्रताने जे खेळ वगळले त्यांच्याबरोबर खर्चाचा सगळ्यात मोठा आकडाही वगळला गेला.

एका तांत्रिक गोष्टीवर मात्र आयांनी आग्रह धरावा, कारण दुकानात ती हमखास चुकवली जाते. सोळा जीबी रॅम म्हणजे आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, सोळाची एक नाही. पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते रॅममधून उसनी घेते. पिंप एका नळाने भरणे आणि दोन नळांनी भरणे यात जो फरक, तोच इथे आहे. पैसे जवळपास सारखेच, खेळताना फरक मात्र डोळ्यांना दिसतो.

दुसरा आग्रह एसएमपीएसचा. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळणारा एसएमपीएस घेऊ नका. वर पाचशे वॅट लिहिलेले असते आणि आत किती आहे ते कोणी तपासत नाही. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्राचार्यांनी अचौर्याचे अतिचार सांगितले आहेत. त्यात ‘सदृशसन्मिश्र’ आहे, म्हणजे चांगल्या मालात तसाच दिसणारा हलका माल मिसळणे. तुपातल्या भेसळीसाठी आपण ते शिकलो, या डब्याला तितकेच लागू पडते. नामांकित कंपनीचा, ८० प्लस शिक्क्याचा साडेचारशे वॅटचा पुरतो. पुढे कार्ड घ्यायचा विचार असेल तर साडेपाचशेचा घ्यावा.

खरेदीसाठी आम्ही बुधवार पेठेत गेलो, तपकीर गल्लीत. नाव तपकिरीचे आणि विक्री तारांची, दिव्यांची, स्विचची आणि कॉम्प्युटरच्या भागांची. ज्यांना त्या गर्दीची धास्ती वाटते त्यांना सांगते, लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या आठवड्यात साडी घेणाऱ्या बाईला तिथे काहीही अवघड नाही. चार दुकानांतून लेखी कोटेशन घ्या, घरी या, ऑनलाइन भाव बघा आणि दुसऱ्या दिवशी जा. पहिल्याच दिवशी पैसे काढू नका.

एका दुकानात आमच्यापुढे दोन प्रस्ताव आले. बिल नको असेल तर अठरा टक्के जीएसटी वाचेल, हा पहिला. विंडोज आणि ऑफिस आम्ही ‘टाकून देऊ’, त्याचे काही पडणार नाही, हा दुसरा. दोन्ही इतक्या सहजपणे सांगितले गेले की मुलांना ती सवलतच वाटली. बिल नसले की वॉरंटीचा दावा करताना हात रिकामे राहतात, हे व्यवहाराचे कारण झाले, आणि तेवढेच पुरेसे आहे. पण मुलांना मी दुसरे कारणही सांगितले. करचुकवेगिरी हा ‘विलोप’, म्हणजे राज्याचा नियम मोडणे. ‘टाकून दिलेले’ विंडोज हे ‘चोरार्थादान’, म्हणजे चोरीचा माल घेणे. पाठशाळेत हे शब्द पाठ करताना आपल्या डोळ्यांसमोर दरोडेखोर असतात. अतिचार बहुतेक वेळा असा, हसतमुख आणि चहा मागवणारा असतो.

अस्सल विंडोज घ्यायचे तर दहा हजारांच्या आसपास जातात. चाळीस हजारांत दहा हजार हा मोठा घास आहे. ऑनलाइन पाचशे रुपयांत मिळणाऱ्या ‘की’ कुठून येतात ते कोणी सांगत नाही, म्हणून त्या बाद. आम्ही लिनक्स टाकले. ते फुकट आहे आणि फुकट देण्याचा हक्क बनवणाऱ्यांनीच दिलेला आहे. वर सांगितलेल्या खेळांपैकी युरो ट्रक, सिटीज स्कायलाइन्स, माइनक्राफ्ट आणि सुपरटक्सकार्ट त्यावर थेट चालतात. व्हॅलोरंट लिनक्सवर चालतच नाही. मला ती अडचण वाटली नाही.

जुन्या ग्राफिक्स कार्डांबद्दल एक शब्द. मुलांना कार्ड हवेच असते, आणि मग कोणीतरी सुचवते, सेकंडहँड घे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ते चलन ‘खणण्यासाठी’ रात्रंदिवस जुंपलेली कार्डे एकदम निरुपयोगी झाली. ती जगभर जुन्या बाजारात आली. दिसायला चकचकीत, पण पंखे आणि मेमरी झिजलेली. वॉरंटी शिल्लक असेल आणि विकणाऱ्याच्या घरी ते तासभर चालवून दाखवले जात असेल तरच विचार करावा. वस्तू पुन्हा वापरणे मला मनापासून आवडते. आमचा कीबोर्ड भावाच्या ऑफिसातला जुनाच आहे. पण ज्या वस्तूचा पूर्वेतिहास कळत नाही, तिच्यावर दहा हजार घालणे ही काटकसर होत नाही.

२०२५ च्या दिवाळीच्या सुमारास रॅमचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांना मेमरी लागते, कारखाने तिकडे वळले, आणि आपल्या घरगुती पट्टीचा भाव काही महिन्यांत दुप्पट-तिप्पट झाला. एसएसडीही महागली. आमच्या नात्यातल्या एकीने तेव्हा विचारले, ‘तुमचे चाळीस हजार आता पन्नास धरू का?’ माझे मत ‘नाही’. मर्यादा हलवायची नाही, यादी हलवायची. आठची एक पट्टी आज घ्या, दुसरी भाव उतरल्यावर. तोवर खेळ थोडे अडखळतील. मॉनिटरऐवजी घरातला टीव्ही वापरा. किंवा थांबा. थांबणे हा पर्याय दुकानदाराच्या कोटेशनमध्ये कधीच नसतो, म्हणून आपल्यालाच तो लिहावा लागतो.

याच रत्नकरंडात परिग्रहपरिमाणाचे जे पाच अतिचार आहेत, त्यांत मला नेहमी कोड्यात टाकणारा एक शब्द होता, ‘विस्मय’. अतिसंग्रह कळतो, लोभ कळतो, पण विस्मय हा दोष कसा? दुसऱ्याचे वैभव बघून तोंडात बोट घालणे, त्यात मन अडकणे, असा त्याचा अर्थ सांगतात. मुलांचे ते व्हिडिओ बघितले तेव्हा मला तो शब्द कळला. काचेच्या कॅबिनेटमध्ये सप्तरंगी दिवे, पाण्याच्या नळ्या, तीन मॉनिटर, आणि बघणारी मुले श्वास रोखून बसलेली. वस्तू घरात आलेली नाही, पैसा गेलेला नाही, तरी परिग्रह सुरू झाला आहे. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख मूर्च्छा अशी करून दिली आहे ती उगाच नाही. हा दोष एकट्या मुलांचा नाही, हे सांगायला नको. पर्युषणात कोणाच्या गळ्यात काय होते, हे आपणही घरी येऊन सविस्तर सांगतोच.

यावर इलाज काय? मला तरी जोडणे हाच दिसला. तयार यंत्र बघून विस्मय होतो. स्वतःच्या हाताने प्रोसेसर बसवला, त्यावर वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट लावली, पट्टी ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबली, की यंत्रातली जादू निघून जाते आणि समज उरते. पुतणीने बोर्ड बसवला, मुलाने तारा जोडल्या, आणि पहिल्यांदा बटण दाबल्यावर काहीच झाले नाही तेव्हा दोघांनी वीस मिनिटे शोधून एक निसटलेली तार काढली. त्या दिवसापासून दोघे दुसऱ्याचा कॉम्प्युटर बघून आधी ‘एसएमपीएस कुठला?’ असे विचारतात. ‘केवढ्याला?’ हा प्रश्न मागे पडला. मुलींना यातून वगळू नका, हे मुद्दाम सांगते. आपल्याकडे मिक्सरचे भांडे दुरुस्त करायला मुलगी चालते आणि स्क्रूड्रायव्हर मात्र भावाच्या हातात जातो.

तुटपुंज्या साधनांतून जोडत जोडत मोठे यंत्र करण्याची परंपरा तर आपल्या पुण्याचीच आहे. अमेरिकेने क्रे बनावटीचे महासंगणक द्यायला खळखळ केली, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाले, आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. एकच अवाढव्य प्रोसेसर करत बसण्यापेक्षा बाजारात मिळणारे अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जुंपले, ही त्यातली युक्ती होती. आणि ‘खेळून पोट भरणार का?’ असे विचारणाऱ्या आजोबांना सांगायला हरकत नाही की गेम बनवण्याचे कामही पुण्यात चालते. युबिसॉफ्टचा स्टुडिओ इथे आहे, ‘इंडस’ बनवणारी सुपरगेमिंग इथली आहे, आणि भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची गोष्ट सांगणारा ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये नोडिंग हेड्स या पुण्याच्याच छोट्या चमूने आणला. (त्यातही राक्षसांशी मारामारी आहे. आमच्या घरात त्यावर अजून एकमत नाही.) आमच्या चाळीस हजारांच्या यंत्रावर ब्लेंडर आणि गोडो ही फुकट साधने चालतात. मुले त्यातून काही बनवतील की नाही, माहीत नाही. मी ती आशा दाखवून कॉम्प्युटर घेतलेला नाही. खेळासाठीच घेतला आहे, आणि तसे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

डेस्कटॉपच का, लॅपटॉप का नाही, असे पुष्कळ जणी विचारतात. दिग्व्रत आणि देशव्रत आठवा. आपल्या वावराला क्षेत्राची मर्यादा घालणे हे त्यांचे मर्म. डेस्कटॉप उठून कुठे जात नाही. तो जेवणाच्या ताटाशी येत नाही, अंथरुणात येत नाही, मंदिराच्या पायरीवर खिशातून वाजत नाही. मोबाइल हे सगळे करतो, आणि वर खेळाच्या आत पैसेही मागतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायद्यानेच बंदी आणली, ते बरे झाले. पण पैसे न लावताही वेळ लुबाडणारे खेळ मोबाइलवर ढिगाने आहेत. हॉलमधला कॉम्प्युटर येता-जाता दिसतो, एवढाच त्याचा मोठा गुण.

वेळेचे भांडण मात्र संपत नाही, ते आधीच सांगून ठेवते. आपल्या घरांत ते विशेष टोकदार होते, कारण सूर्यास्तापूर्वी जेवण व्हायचे असते आणि ‘आई, मॅच चालू आहे’ हे उत्तर नेमके तेव्हाच येते. इतरांबरोबर ऑनलाइन खेळायची मॅच मध्येच थांबवता येत नाही. अर्ध्यात सोडली तर खेळणाऱ्याला दंड बसतो आणि सोबतचे हरतात. त्यामुळे मुलगा उद्धट आहे असे लगेच ठरवू नका, आधी खेळ कोणता ते बघा. ट्रकचा खेळ एका बटणाने थांबतो. आमच्याकडे संध्याकाळी पाचनंतर थांबवता येणारेच खेळ, असे ठरले. आणि एका बैठकीला एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे, सामायिकाएवढी. सुट्टीच्या दिवशी दोन. हे रोज पाळले जाते असे कोणी समजू नये, पण माप घरातल्या सगळ्यांना माहीत असले की वाद लवकर मिटतो.

विजेचा हिशेबही करून ठेवला आहे. आमचे यंत्र मॉनिटरसकट खेळताना साधारण १०० वॅट खाते. रोज तीन तास धरले तरी महिन्याला ९ युनिट. मोठे कार्ड असते तर ३०० वॅट, म्हणजे २७ युनिट. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांच्या वर गेले की दर चढतो, तेव्हा हे अठरा युनिट ज्यांचे बिल त्या रेषेवर आहे त्यांना जाणवतात. ज्या घरांत विजेच्या वापराकडे तेजस्कायाच्या विराधनेच्या नजरेने पाहतात, त्यांना रुपयांत सांगायची गरजच नाही.

एक गोष्ट मला कोणत्याही व्हिडिओत सापडली नाही, ती इथे लिहिते. कॉम्प्युटर गरम राहतो, आणि उबेला जीव येतात. पावसाळ्यात बारीक मुंग्या, कोळी, कधी झुरळाचे पिलू कॅबिनेटच्या जाळीतून आत शिरते, आणि पंखा मिनिटाला हजारावर फेरे घेतो. म्हणून कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा. पुढे-मागे धूळ अडवणारी बारीक जाळी असलेले कॅबिनेट घ्या, शे-दोनशे रुपये जास्त गेले तरी. काच असलेली बाजू इथे खरी उपयोगी पडते. दिवे दिसावेत म्हणून ती केलेली असते, आपल्याला आत कोणी आहे का ते दिसते. चार दिवस बंद असलेले यंत्र सुरू करण्यापूर्वी आत बघायचे, हे काम आमच्याकडे पुतणीने घेतले आहे. महिन्यातून एकदा वायर काढून, झाकण उघडून, रंगाच्या मऊ कुंचल्याने हलकेच झाडायचे. फवारा मारायचा नाही आणि व्हॅक्यूमही लावायचा नाही. खाऊची वाटी त्या टेबलावर आणायची नाही, हा नियम मात्र मुलांपेक्षा सासरेबुवांना जास्त वेळा सांगावा लागतो.